चहाचा मसाला : घरासाठी ओला, विक्रीसाठी सुका

मैत्रिणींनो, चहा आपण सगळ्याच करतो. पण घरचा चहा चांगला होणं वेगळं आणि मसाल्याचं पाकीट गटाच्या नावाने विकणं वेगळं. आजचा पाठ या दोन्हींसाठी.

घरचा चहा
परसातला गवती चहा, तुळस आणि आलं ताजंच वापरा. आलं ठेचून आधी पाण्यात चांगलं उकळा, दूध नंतर घाला. कच्च्या आल्यात दूध नासवणारा घटक असतो, उकळल्यावर तो निकामी होतो. वेलची मात्र शेवटी घाला, म्हणजे वास उडत नाही.

विक्रीचा मसाला
यात ओलं काहीच चालत नाही. १०० ग्रॅमसाठी सोपं प्रमाण असं :
- सुंठ ५० ग्रॅम
- वेलची २५ ग्रॅम
- मिरी १० ग्रॅम
- दालचिनी १० ग्रॅम
- लवंग ५ ग्रॅम

सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्या. सगळं मंद आचेवर फक्त कोमट करा, करपवू नका. पूर्ण गार झाल्यावरच दळा. मिक्सर थांबत थांबत चालवा, तापला की वास जातो. दळलेला मसालाही गार होऊ द्या, मगच पाकिटं सील करा. गरम भरला तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. मुरबाड-शहापूरच्या पावसाळ्यात हवाच दमट असते, म्हणून त्या दिवसांत थोडा थोडाच माल करा. एक खराब पाकीट डोंबिवलीच्या एका सोसायटीत गेलं, तर तिथली सगळी गिऱ्हाइकं तुटतात.

हिशोब नीट करा
चाळताना, दळताना वजन घटतं. समजा, १ किलो कच्च्या मालातून ९४० ग्रॅम मसाला मिळाला, तर ५० ग्रॅमची पाकिटं २० नाही, १८ च होतात. खर्च १८ ने भागा. त्यात दळण, पाकीट, लेबल, प्रवासभाडं आणि दहाही जणींची मजुरी धरा. आपली मजुरी सोडून काढलेला नफा हा नफा नव्हे. वेलचीचा भाव सारखा बदलतो, म्हणून दर खेपेला किंमत नव्याने काढा.

लेबल
विक्रीआधी एफएसएसएआयची नोंदणी घ्या. पाकिटावर नोंदणी क्रमांक, घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा ते, गटाचं नाव-पत्ता आणि शाकाहारीचं हिरवं चिन्ह हवं. ‘सर्दी-खोकला बरा होतो’ असं मात्र लिहू नका. आपण मसाला विकतो, औषध नाही.

पुढच्या बैठकीसाठी
प्रत्येक गटाने १०० ग्रॅम मसाला करून आणावा. दळण्याआधीचं आणि नंतरचं वजन वहीत लिहावं. सगळ्यांचा चहा एकाच भांड्याच्या मापाने करू, चव घेऊ आणि कोणतं प्रमाण ठेवायचं ते ठरवून इतिवृत्तात नोंदवू.