शेजाऱ्याने पाणी विकलं तर?

प्रश्न : अमेरिकेत काही शेतकरी जमीन राखून नुसतं पाणी विकतात म्हणे. वाहतं पाणी विकता कसं येतं? आणि त्या नदीवरच्या खालच्या शेतकऱ्याचं काय होतं?

उत्तर : विकला जातो तो पाणी वापरण्याचा हक्क. कोलोरॅडो राज्यात ज्याने आधी पाट काढून पाणी रानाला लावलं, त्याचा नंबर पहिला, हे तिथल्या 1876 च्या राज्यघटनेतच आहे. टंचाईत सगळ्यांचं थोडं थोडं कापत नाहीत. समजा एकाचा हक्क 1874 चा, दुसऱ्याचा 1890 चा, तर पहिल्याचं रान पुरतं भिजेल आणि दुसऱ्याचं कोरडं राहील. म्हणून वाढत्या शहरांचा डोळा जुन्या हक्कांवर असतो.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग फार मोलाचा आहे. रानाला दिलेलं सगळं पाणी पीक पीत नाही. बरंचसं पाझरून पुन्हा नदीला मिळतं आणि खालचा शेतकरी तेच उचलतो. त्यामुळे हक्क दुसरीकडे न्यायचा तर पाणी-न्यायालयात हिशेब द्यावा लागतो, की विकणाऱ्याच्या पिकांनी आजवर प्रत्यक्ष किती पाणी शोषलं. तेवढंच हलवता येतं. पाझराचा वाटा नदीकडेच राहतो.

हा हिशेब मला अतिशय न्याय्य वाटतो. पण गावाचं नुकसान त्यात मोजलं जात नाही. आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातल्या क्राउली काउंटीत एके काळी सुमारे 50 हजार एकर बागायत होती. 1970 आणि 80 च्या दशकांत बहुतेक हक्क ऑरोरा, कोलोरॅडो स्प्रिंग्ज अशा शहरांनी घेतले. आज बागायत जेमतेम उरली आहे, पडीक रानांत सुकी झुडपं वाऱ्यावर गडगडत फिरतात. ज्यांनी विकलं नाही, त्यांचाही कालवा रोडावला. थोडं पाणी सोडलं की वाटेतच किती मुरतं, हे टेलच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

महाराष्ट्राच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातही पाण्याचा हक्क विकण्याची तरतूद आहे, मात्र हंगामापुरती किंवा वर्षापुरती. ही मुदत कधीही सैल होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

हक्क बाजारात जाऊच न देण्याची वाटही आपल्याकडे आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथला नियम असा : माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद. आणि कुणी जमीन विकली, तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, पंचायतीकडे परत येतो.