अपत्याची वाट पाहताना : दाम्पत्यासाठी समुपदेशन आणि मानसिक आधार

(जयपूर व परिसरात राहणाऱ्या मराठी भाषक कुटुंबांसाठी माहितीपत्रिका)

चैत्र शुद्ध तृतीयेला जयपुरात त्रिपोलिया दरवाजातून गणगौरीची मिरवणूक निघते. त्याच तिथीला मराठी घरांत चैत्रगौर बसते आणि हळदीकुंकवाची आमंत्रणे सुरू होतात. दोन्हीकडे गौरीची पूजा, दोन्हीकडे सुवासिनींचा मेळा, आणि दोन्हीकडे एखादीला विचारला जाणारा तोच प्रश्न : "गोड बातमी कधी?" विचारणाऱ्याला तो साधा वाटतो. जिला विचारला जातो ती पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला जाणे टाळते. तिचा पती मित्रांच्या मुलांच्या वाढदिवसाला काही निमित्त सांगून गैरहजर राहतो. कालांतराने दोघे एकमेकांशीही या विषयावर बोलेनासे होतात. हा अबोला कसा ओळखावा, तो कसा दूर करावा आणि त्यासाठी मदत कोठे मिळते, हे या पत्रिकेत सांगितले आहे.

१. वंध्यत्व हा दोघांचा प्रश्न आहे

गर्भनिरोधक साधन न वापरता 12 महिने नियमित संबंध ठेवूनही गर्भधारणा न झाल्यास त्यास वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचे वय 35 पेक्षा अधिक असल्यास सहा महिन्यांनंतरच वैद्यकीय सल्ला घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात सुमारे सहापैकी एका प्रौढ व्यक्तीस आयुष्यात कधी ना कधी या स्थितीस सामोरे जावे लागते. कारण स्त्रीमध्ये, पुरुषामध्ये किंवा दोघांमध्ये असू शकते. काही वेळा सर्व तपासण्यांनंतरही ते सापडत नाही. म्हणून तपासणी आरंभापासून दोघांची व्हावी. वीर्यतपासणी साधी असते. ती लांबणीवर टाकून केवळ पत्नीचीच तपासणी करीत राहणे अन्यायाचे आहे आणि त्यात मोलाचा काळही वाया जातो.

२. मनावर काय परिणाम होतो?

हे दुःख दर महिन्याला नव्याने येते. पाळी आली की आशा संपते आणि काही दिवसांनी ती पुन्हा उभी करावी लागते. या दुःखाला सुतक नसते, कोणी भेटावयास येत नाही, आणि घरच्यांना ते सांगण्याची रीतही नसते.

उदाहरणादाखल एका दाम्पत्याची कल्पना करा. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर गेली आहेत. त्यांपैकी एक जोडपे जोहरी बाजारानजीक राहते. आयव्हीएफचे पहिले आवर्तन अयशस्वी झाल्याचे कळताच पत्नी आठवडाभर रडते. पती दुसऱ्याच दिवशी भट्टीवर जातो आणि पुढच्या आवर्तनासाठी पैशांची जुळवाजुळव सुरू करतो. पत्नीला वाटते, याला काहीच वाटत नाही. पतीला वाटते, मीही खचलो तर हिला कोण सावरणार? दोघेही दुःखात असतात. मात्र त्यांची व्यक्त होण्याची रीत आणि गती निराळी असते. ही भिन्नता समजून न घेतल्यास तिचे रूपांतर दुराव्यात होते.

तारखा पाहून ठेवावे लागणारे शरीरसंबंध ओझे वाटू लागणे, गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतर रक्ततपासणीपर्यंतचे सुमारे दोन आठवडे कशातही चित्त न लागणे, दुसऱ्याच्या बारशाची वार्ता ऐकून मत्सर वाटणे आणि मग त्या मत्सराची लाज वाटणे, हे सारे या काळात अनेकांना अनुभवास येते. त्यात आपला दोष नाही.

"ताण घेऊ नकोस, म्हणजे आपोआप दिवस राहतील," असा उपदेश आपण ऐकला असेल. उपचारापूर्वीच्या मानसिक ताणामुळे आयव्हीएफ अयशस्वी होते, असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. तेव्हा अपयशाचा ठपका आपल्या रडण्यावर ठेवू नये. ताणावर उपाय अवश्य करावा, कारण तो आपल्या जगण्यावर आणि सहजीवनावर परिणाम करतो.

३. समुपदेशनात काय होते?

समुपदेशन म्हणजे वेडावरचा उपचार नव्हे आणि न्यायनिवाडाही नव्हे. साधारण पाऊण ते एक तासाच्या बैठकीत समुपदेशक दोघांना एकत्र भेटतात. गरज भासल्यास स्वतंत्रपणेही भेटतात. एकाने बोलताना दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावे आणि ऐकलेले स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगावे, असा सराव करून घेतला जातो. "माझ्यामुळेच हे झाले" यासारखे विचार तपासून पाहिले जातात. उपचारांचा खर्च, किती आवर्तने करावयाची, घरी कोणाला किती सांगावयाचे, यांवर दोघांचा एक निर्णय व्हावा यासाठी साहाय्य केले जाते. समुपदेशनाने गर्भधारणेची हमी मिळत नाही. निकाल काहीही लागला तरी त्यास दोघांनी मिळून सामोरे जावे, हा त्याचा हेतू आहे.

४. घरी काय करता येईल?

• या विषयावर बोलण्यासाठी दिवसातील वीस मिनिटांचा वेळ ठरवावा. उरलेला दिवस इतर जगण्यासाठी ठेवावा.
• नातेवाइकांना द्यावयाचे उत्तर दोघांनी आधीच ठरवावे. "उपचार चालू आहेत, सांगण्यासारखे झाले की आम्हीच सांगू," एवढे पुरेसे आहे. आपापल्या माहेरच्या व सासरच्या मंडळींना ते आपापल्या माणसानेच सांगावे.
• डोहाळजेवण किंवा बारशास जाणे सोसत नसेल, तर न जाण्याची एकमेकांना मुभा द्यावी.
• उपचाराच्या तारखांखेरीजही स्पर्श, फिरणे आणि गप्पा यांसाठी वेळ राखावा.
• इंजेक्शने, औषधे आणि रुग्णालयातील फेऱ्या यांत पतीने प्रत्यक्ष सोबत करावी.

सासू-सासरे व आप्तांना विनंती : प्रश्न विचारू नका, नवस-उपायांची सक्ती करू नका, आणि ओटी भरताना कोणालाही वगळू नका.

५. कायद्याने दिलेले हक्क

साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, 2021 नुसार प्रत्येक केंद्राने दाम्पत्यास व्यावसायिक समुपदेशन देणे बंधनकारक आहे. यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्या गर्भधारणेचा धोका यांची माहिती त्यांनी आपणांस दिलीच पाहिजे. आपली लेखी संमती आवश्यक आहे. गर्भ गर्भाशयात सोडण्यापूर्वी ती केव्हाही मागे घेता येते. केंद्रात तक्रार निवारण कक्ष असणेही बंधनकारक आहे. लिंगनिवडीचे आश्वासन देणारे केंद्र गुन्हा करीत असते. केंद्र नोंदणीकृत असल्याची खात्री प्रथम करून घ्यावी.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 मध्ये मूल किंवा मुलगा नसल्यावरून केलेला अपमान व उपहास हा शाब्दिक आणि भावनिक छळ मानला आहे. "वांझ" म्हणून हिणवणे ही घरगुती बाब ठरत नाही. मदतीसाठी महिला हेल्पलाइन 181 वर संपर्क साधावा.

६. जयपूरमध्ये मदत कोठे मिळेल?

सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेली चांदपोल येथील जनाना रुग्णालय आणि सांगानेरी गेट येथील महिला चिकित्सालय ही शासकीय स्त्री-रुग्णालये आहेत. मानसिक आरोग्यासाठी याच महाविद्यालयाचे मनोचिकित्सा केंद्र आहे.

तपासणीची माहिती हिंदीत सांगता येते; मनातले मात्र मायबोलीतच सांगावेसे वाटते. त्यासाठी टेली-मानस ही राष्ट्रीय सेवा आहे. 14416 या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य मिळते आणि मराठीसह वीस भाषांत उपलब्ध आहे. ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली.

पुढील लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिल्यास विलंब न करता मदत घ्यावी : झोप किंवा भूक नाहीशी होणे, कामात लक्ष न लागणे, सतत निराशा, मद्यपान वाढणे. जगणे नकोसे वाटत असल्यास वाट पाहू नये. तत्काळ 14416 वर बोलावे किंवा 112 वर मदत मागावी.

७. थांबणे हाही निर्णय आहे

6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मलेल्या बालिकेमुळे भारतातील असंख्य दाम्पत्यांना आशा मिळाली. त्यानंतर तंत्रज्ञान पुष्कळ पुढे गेले. तरीही प्रत्येक आवर्तन यशस्वी होत नाही. म्हणून उपचार सुरू करतानाच खर्चाची आणि आवर्तनांची मर्यादा दोघांनी लिहून ठेवावी व तिचा वेळोवेळी फेरविचार करावा. थांबावेसे वाटल्यास तसे स्पष्ट बोलावे. किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन असलेल्या दाम्पत्यास केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे दत्तकासाठी नोंदणी करता येते. दोघांनी मिळून अपत्याविना सुखाने राहणे हाही तितकाच सन्माननीय मार्ग आहे.

आज रात्री वीस मिनिटे काढा. दूरध्वनी बाजूला ठेवा. "मूल केव्हा होईल" हा प्रश्न एक दिवस राहू द्या, आणि आपल्या जोडीदारास एवढेच विचारा : "तुला सध्या सर्वांत जड काय जाते?" उत्तर येईपर्यंत थांबा, आणि उत्तर आल्यावर उपाय सुचवू नका. केवळ ऐका.