वाढते वय, विसरभोळेपणा आणि आपले कर्तव्य

"आजीला आताशा काही आठवत नाही, वय झालं ना!" हे वाक्य परळ-लालबागच्या चाळीत, दादरच्या वसाहतीत आणि गिरगावच्या वाडीत आपण नेहमी ऐकतो. बोलणारा मायेनेच बोलतो. परंतु त्या एका वाक्याने पुढची सारी चौकशी थांबते, आणि ज्या दुखण्यावर वेळीच काही करता आले असते तेही वयाच्या खाती जमा होते. म्हणून या विषयाची थोडी माहिती आपण करून घेऊ.

विसरण्याच्या तीन पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात. चष्मा कोठे ठेवला हे विसरले आणि मागाहून आठवले, तर तो वयाचा साधा विसर होय. तोच प्रश्न अर्ध्या तासात पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, ठरलेले लग्नकार्य विसरले, नेहमीचा हिशेब चुकू लागला, पण अंघोळ, जेवण, बाजारहाट अजून स्वतः जमते, तर ती दुसरी पायरी. तिला डॉक्टर 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट', म्हणजे बुद्धीच्या कामातील सौम्य ऱ्हास, असे म्हणतात. रोजचे व्यवहारच जमेनासे झाले, ओळखीच्या रस्त्यावर घर सापडेना, की तिसरी पायरी आली. हाच स्मृतिभ्रंश. दुसऱ्या पायरीवरचा प्रत्येक माणूस तिसरीवर जातोच असे नाही. काहीजण तेथेच राहतात, काही सुधारतातही. म्हणून खरी संधी दुसऱ्या पायरीवर आहे.

हा प्रश्न किती मोठा आहे? कोलकाता शहरात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढील १४.८९ टक्के लोकांत हा सौम्य ऱ्हास आढळला. आपल्या मुंबईत २४,४८८ लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ६५ वर्षे व त्यावरील २.४४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढील लोकांतील हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे आले. दोन्ही पाहण्यांतील वयोगट व पद्धती वेगळ्या असल्याने हे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

वय आणि अनुवंश आपल्या हाती नाहीत. परंतु 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, टाळता वा कमी करता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. अपुरे शिक्षण, बहिरेपणा, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अति मद्यपान, व्यायामाचा अभाव, औदासीन्य, एकाकीपणा, डोक्याला मार आणि प्रदूषित हवा ही ती कारणे होत. जगातील जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंशाचा संबंध यांच्याशी लावला जातो.

यांपैकी तीन कारणे आपल्या वस्तीला विशेष लागू पडतात.

पहिले, शिक्षण. आज ऐंशीच्या घरात असलेल्या आपल्या कित्येक माताभगिनींना शाळेची पायरी चढता आली नाही. शिक्षण नाकारल्याचे नुकसान केवळ मिळकतीत झाले नाही, ते म्हातारपणी मेंदूलाही सोसावे लागते. उलट बाजूही आहे. लिहिण्यावाचण्यावर बेतलेल्या चाचणीत निरक्षर माणसाला शहाणा असूनही कमी गुण मिळतात. म्हणूनच १९९५ साली हरियाणातील बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार करण्यात आली. तेव्हा आजीचे शिक्षण किती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दुसरे, कान. गिरणीच्या साचाखात्यातील खडखडाटात ज्यांची उमर गेली, त्यांपैकी अनेकांना कमी ऐकू येते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, बहिरेपण मात्र उरले. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलण्यातून बाजूला पडतो, आणि मेंदूचा व्यायामही थांबतो. अशा वृद्धास 'विसरभोळा' म्हणण्यापूर्वी त्याचे कान तपासावेत.

तिसरे, एकाकीपणा. चाळीच्या गॅलरीत दिवसभर माणसांची ये-जा असे. चाळ पाडून इमारत उभी राहिली, स्वतंत्र खोल्या मिळाल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. पण दार बंद झाले, आणि बाराव्या मजल्यावरील आजोबांशी बोलायला कोणी उरले नाही.

मग करावे काय? लक्षणे दिसताच वृद्धांना डॉक्टरांकडे न्यावे. परळच्या के.ई.एम. किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर या पालिका रुग्णालयांत मेंदूविकार व मनोविकार विभाग आहेत. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, औदासीन्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसर पडतो, आणि त्यावर उपाय आहेत. रक्तदाब व साखर नियमित तपासावी, विडी-सिगारेट व दारू सोडावी, रोज चालावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांकही आहे.

विद्यार्थी मित्रांना आमची एक विनंती आहे. आठवड्यातून एक तास शेजारच्या वृद्धांना द्या. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवा, जुन्या गोष्टी विचारा, त्यांना सही करायला शिकवा, दवाखान्यात सोबत जा. ज्यांनी स्वतः अंगठा उमटवून आपल्या हाती पाटी दिली, त्यांच्यासाठी एवढे करणे हे उपकार नव्हेत, ते आपले कर्तव्यच आहे.