खुल्या यंत्राला जामीन कोण?

चि. निनाद यास थोरल्या मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण असे की, कोथरूडच्या सोसायटीतील सात-आठ घरांनी निनादच्या शब्दावर विसंबून, हातात धरून खेळायची मुक्त-स्रोत खेळयंत्रे चीनमधून मागवण्यासाठी पैसे गोळा केल्याचे त्याच्या आईकडून, म्हणजे ताईकडून, कळले; हे वृत्त खरे असेल तर त्यातली काळजीची बाब यंत्रांच्या गुणदोषांपेक्षा वेगळी आहे. घेणाऱ्यांत तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ज्यांना मोबाइलमधला गजर लावायलाही नातवाची वाट पाहावी लागते. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आहेत, ज्यांना आपल्या लहानपणच्या टीव्ही गेमवरचा मारिओ मुलाला दाखवायचा आहे. आणि या सर्वांना यंत्र सुरू करून देणारा एकुलता एक माणूस सप्टेंबरअखेर जर्मनीला निघाला आहे. तो गेल्यावर यंत्र अडले तर कोणी पाहायचे, एवढाच या पत्राचा प्रश्न आहे. मामाच्या पुस्तकी भाषेची भाचरे चेष्टा करतात हे ठाऊक असूनही तो लेखी मांडला आहे, कारण फोनवर दुसऱ्याच मिनिटाला त्याचे भांडण झाले असते.

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या आज्ञा, कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतात, त्याला मुक्त-स्रोत किंवा ओपन सोर्स म्हणतात. निन्टेन्डो किंवा सोनी यांच्या खेळयंत्रांत कोणता खेळ चालावा हे कंपनी ठरवते आणि यंत्राच्या कुलपाची किल्ली आपल्याकडे ठेवते. खुल्या यंत्रात हे कुलूप नसते, त्यामुळे धारकाला हवा तो प्रोग्राम त्यावर चढवता येतो. दक्षिण कोरियातून २००१ साली आलेल्या जीपी-३२ या यंत्राभोवती हौशी प्रोग्रामरांचा मेळा जमला आणि २००५ च्या अखेरीस आलेल्या जीपी-टू-एक्स या यंत्राने लिनक्स ही खुली कार्यप्रणालीच खिशात आणून दिली. दोन प्रोसेसर गाभे, ६४ मेगाबाइट स्मृती, ३२० बाय २४० बिंदूंचा पडदा आणि दोन पेन्सिल सेल एवढ्या सामग्रीवर त्या काळी जे करून दाखवले गेले त्याबद्दल निनादला वाटणारे कौतुक रास्तच आहे. परंतु हेही लक्षात घ्यावे की दुकानात मिळणारे साधे अल्कलाइन सेल त्या यंत्रात फार थोडा वेळ टिकत, अधिक क्षमतेचे रिचार्जेबल सेल आणि त्यांचा चार्जर वेगळा घ्यावा लागे. ज्याला हे ठाऊक नव्हते त्या ग्राहकाने यंत्र सदोष आहे असाच निष्कर्ष काढला असणार. खुल्या यंत्रांच्या इतिहासात हा प्रकार वारंवार दिसतो. यंत्र उत्तम असते, पण ते उत्तम चालावे म्हणून जे ठाऊक असावे लागते ते खोक्यात येत नाही.

आगाऊ पैशांचे प्रकरण याहून गंभीर आहे. जीपी-टू-एक्सच्या चाहत्यांतूनच पुढे पँडोरा या यंत्राची कल्पना निघाली: बिजागरीने मिटणारे, अक्षरांचा कीबोर्ड असलेले, ८०० बाय ४८० बिंदूंच्या पडद्याचे, एका अर्थी खिशात मावणारा लिनक्सचा संगणकच. पहिल्या ४००० नगांसाठी ३० सप्टेंबर २००८ रोजी आगाऊ नोंदणी सुरू झाली, लोकांनी पूर्ण रक्कम भरली, आणि पहिली यंत्रे पाठवायला मे २०१० उजाडला. त्यानंतरही रांगेतल्या कित्येकांना आणखी बराच काळ थांबावे लागले. थोडक्या हौशी माणसांनी साचे, कळा, सर्किट बोर्ड आणि जुळणी या प्रत्येक टप्प्यावर प्रथमच ठेच खाल्ली. शेवटी उत्पादन जर्मनीत, म्हणजे निनाद निघाला आहे त्याच देशात, हलवून गाडी मार्गी लागली. त्या ग्राहकांपैकी बहुतेकांना आपण कशात पैसे घातले आहेत याची कल्पना होती, म्हणून ते कुरकुरत का होईना थांबले. मुख्याध्यापकांचे पार्सल दिवाळीपर्यंत आले नाही, किंवा आयातशुल्कासाठी कस्टममध्ये अडकले, तर ते इतके समजूतदारपणे घेतील असे मानणे कठीण आहे, आणि तोपर्यंत निनाद तेथे नसेल.

अमेरिकेतील नेक्स्ट थिंग या कंपनीच्या पॉकेट-चिप या यंत्राची गत तर दोन्ही बाजूंनी बोलकी आहे. २०१८ साली कंपनी बंद झाली आणि तिच्याबरोबर यंत्रात नव्याने प्रणाली भरण्याची इंटरनेटवरची अधिकृत सोयही गेली. ज्यांना लिनक्स येत होते त्यांनी सॉफ्टवेअरचे साठे आधीच उतरवून ठेवले होते, ते एकमेकांना वाटले आणि आपापली यंत्रे जिवंत ठेवली. स्रोत बंद असता तर हेही साधले नसते. खुलेपणाचा हा मोठा लाभ नाकारता येत नाही. मात्र तो ज्याला घेता येतो त्यालाच मिळतो, आणि ज्याला येत नाही त्याच्या लेखी खुले यंत्र आणि कुलूपबंद यंत्र बंद पडल्यावर सारखेच असते.

निनाद म्हणेल की हे सारे जुने झाले, आणि त्यात तथ्य आहे. आजची मीयू मिनी किंवा अ‍ॅनबर्निकची यंत्रे तयार मिळतात, स्वस्त आहेत, आणि त्यांवर हौशी मंडळींनी केलेल्या पर्यायी प्रणाल्या मूळ प्रणालीपेक्षा पुष्कळ सरस आहेत. मीयू मिनीसाठीच्या ओनियन या प्रणालीत यंत्र बंद करताना खेळ आपोआप जतन होतो आणि पुन्हा सुरू करताच जिथे सोडला तिथून पुढे चालू लागतो. एकदा कोणी नीट लावून दिले तर मुख्याध्यापकांना यापेक्षा सोपे यंत्र कोणत्याही बड्या कंपनीकडे मिळणार नाही, हे निनादचे म्हणणे मामाला मान्य आहे. अडचण त्या ‘एकदा कोणी’ या दोन शब्दांत आहे. या यंत्रांबरोबर येणारे मायक्रो-एसडी कार्ड बहुधा निनावी बनावटीचे असते आणि ते लवकर दगा देते, म्हणून पहिल्याच दिवशी त्यावरचा मजकूर नामवंत कंपनीच्या कार्डावर उतरवून घ्यावा, हा जाणकारांचा पहिला सल्ला असतो. काही यंत्रे दोन्ही टोकांना सी-तोंड असलेल्या केबलने किंवा नव्या वेगवान चार्जरने चार्जच होत नाहीत, त्यांना जुन्या चपट्या यूएसबी-तोंडाची केबल आणि साधा चार्जर लागतो. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही तो माणूस चांगले यंत्र मेले समजून फडताळात टाकतो. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या अंगातच मुरवलेले मूलभूत सॉफ्टवेअर, बदलत असताना मध्येच वीज तुटली तर यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो. यांतले एकही काम निनादला पंधरा मिनिटांच्या वर लागणार नाही आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना ते जन्मात जमणार नाही. निनाद गेल्यानंतर पहिले कार्ड बिघडले की वहिनी ताईचे दार वाजवतील. ताईला यातले काय कळते हे निनादला सांगायला नको.

कायद्याची बाजूही आहे, आणि ती निनादने सोसायटीत कोणाला सांगितली असेल असे वाटत नाही. जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे खेळ नव्या यंत्रावर चालवणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात आणि जुन्या कॅसेटमधील खेळाच्या उतरवून घेतलेल्या प्रतीला रॉम म्हणतात. एम्युलेटर खुला असला म्हणून रॉम खुली होत नाही. डूम या खेळाचे उदाहरण घ्यावे: त्याच्या इंजिनाचा स्रोत १९९७ साली खुला झाला, पण त्याचे नकाशे, चित्रे आणि आवाज यांवरचा हक्क मालकाकडेच राहिला, म्हणून फ्रीडूम या प्रकल्पात हौशी मंडळींनी ती सामग्री नव्याने घडवली. चीनमधून येणाऱ्या कार्डांवर हजारो खेळ आधीच भरलेले असतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मालकांना कोणी विचारलेले नसते. इतकेच नव्हे, तर स्नेस-नाइन-एक्ससारख्या एम्युलेटरच्या परवान्यात व्यापारी वापराला मनाई असूनही तो विकाऊ यंत्रांत सर्रास आढळतो. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार संगणक प्रोग्रामच्या चोरट्या प्रतीचा जाणूनबुजून वापर हाही गुन्हा आहे. नव्वदच्या दशकात घरोघरी टीव्ही गेमच्या ‘९९९ इन १’ कॅसेटी होत्या आणि त्यांबद्दल कोणाला तुरुंगात टाकल्याचे मामाच्या ऐकिवात नाही, ही गोष्ट खरी. तरी जन्मभर मुलांना प्रामाणिकपणाचे धडे दिलेल्या माणसाच्या हातात असले कार्ड त्याला न सांगता ठेवणे बरे नव्हे.

ताई म्हणते की निनादने सर्वांना “काही अवघड नाही हो, सोपं आहे” असे सांगितले. रागाचे कारण हे वाक्य आहे. मामाची सारी नोकरी बँकेत कर्जखात्यावर गेली, आणि तिथे जामीनदार म्हणून सही करणारी बहुतेक माणसे नेमकी याच सुरात, नुसती ओळखीखातर, कागद न वाचता सही करीत. कर्ज घेणारा गाव सोडून गेला की नोटीस त्यांच्या दारी येई. येथे मौज अशी की गाव सोडून जाणारा स्वतः जामीनदारच आहे. कंपनीच्या यंत्राला वॉरंटी असते आणि तक्रार ऐकायला, वाईट का होईना, एक कार्यालय असते. खुल्या यंत्राला वॉरंटीच्या जागी ओळखीचा माणूस असतो. म्हणून तांत्रिक जाण नसलेल्या ग्राहकाला खुले खेळयंत्र मानवते की नाही याचे उत्तर यंत्रात शोधायचे नसते, त्या ग्राहकाच्या हाकेच्या अंतरावर कोण राहतो यात शोधायचे असते. इतक्या हुशार मुलाने, ज्याला हे सारे मामापेक्षा दसपट अधिक कळते, शेजाऱ्यांकडून पैसे घेताना स्वतःच्या जाण्याची तारीख मनात धरू नये, हे त्याला शोभले नाही.

इतके लिहून झाल्यावर पुढचे लिहिताना मामाची लेखणी थोडी अडखळली. तरुणपणी पुण्याच्या तापकीर गल्लीतून रेडिओचे सुटे भाग आणून ते रात्र रात्र जोडत बसणारा एक मुलगा याही घरात होता. बँकेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्याचे सोल्डरचे हत्यार माळ्यावर गेले आणि पुन्हा खाली आले नाही. नोकरीबद्दल तक्रार नाही, तिच्यावर घर उभे राहिले. रुखरुख एवढीच की आठवड्यातला एखादा तास त्या कामासाठी राखता आला असता, आणि तो राखला नाही. निनाद उघडलेल्या यंत्रासमोर जेवण विसरून बसतो तेव्हा ताई चिडते. मामाला मात्र थोडा हेवा वाटतो, आणि हा हेवा या पत्रातल्या रागात कितपत मिसळला आहे हे वेगळे काढून दाखवणे अवघड आहे.

ताईने आणखी एक गोष्ट सांगितली, जी आधीच लिहायला हवी होती. निनादने आपले स्वतःचे यंत्र मुख्याध्यापकांकडे नेऊन एक अख्खी संध्याकाळ त्यांना कळांची ओळख करून देण्यात घालवली, आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक जिन्यात भेटेल त्याला आपण दुसरी पातळी ओलांडल्याचे सांगत होते. गेल्या वर्षी मामीच्या मोबाइलवरची अक्षरे निनादने मोठी करून दिली, नको ती चित्रे काढून टाकली. त्यानंतर त्या मोबाइलला कोणाला हात लावावा लागलेला नाही. दुसऱ्यासाठी यंत्र कसे लावावे हे या मुलाला कळते. म्हणून मागवलेले रद्द कर असा निरोप या पत्रात नाही.

निनादने एवढे करावे. ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांना प्रत्येकाला भेटून कार्डांवरच्या खेळांची आणि आपल्या जाण्याची गोष्ट सांगावी, आणि त्यावर ज्याला पैसे परत हवे असतील त्याला ते निमूट परत द्यावेत. कमी पडले तर मामा आहे. राहिलेल्यांची कार्डे बदलून, प्रत्येक कार्डाची एक प्रत नाव घालून तयार ठेवावी, म्हणजे बिघडले की नुसते काढून घालण्याचे काम उरेल. कोणता चार्जर चालतो, यंत्र कसे बंद करायचे आणि कोणत्या पर्यायाला हात लावायचा नाही हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून खोक्यात घालावे. आणि जर्मनीत थंडी लवकर पडते असे म्हणतात. मामीने विणलेला स्वेटर तयार आहे, त्याच्या रंगाला नावे न ठेवता तो न्यावा.

शेवटची विनंती अशी की, जाण्यापूर्वीचा एक रविवार निनादने मामाकडे काढावा, येताना एक यंत्र आणि कोरे कार्ड आणावे, आणि ओनियन कसे चढवायचे ते मामाला स्वतःच्या हाताने करायला लावून शिकवावे, चुकले तरी हातातून काढून न घेता. खोक्यातल्या त्या चिठ्ठीच्या खाली फोन नंबर मामाचा घालावा. कोथरूडपर्यंत बस आहे आणि मामा निवृत्त आहे.

कळावे.

निनादचा थोरला मामा