वाफसा



आजच्या वाचनात ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय होता. त्यात माउली पाण्याचं उदाहरण देतात. माळी पाटाचं पाणी ज्या वाफ्याकडे वळवेल तिकडे ते निमूट जातं, 'हे मी केलं' असं काही म्हणत नाही. आपणही कर्म करताना तसं असावं. ही ओवी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. मी ती कॉलेजपासून वाचतोय, आणि दरवेळी पाण्याच्या बाजूने वाचली: आपण पाणी, देव माळी, संपला विषय. यंदा पहिल्यांदाच माझं लक्ष त्या माळ्याकडे गेलं. कारण गेलं वर्षभर मी स्वतः पाणी वळवायचा उद्योग करतोय आणि सुरुवातीलाच त्यात सपशेल आपटलोय. आजचं चिंतन त्या फजितीबद्दल. भाजीपाला भरपूर असेल, अध्यात्म बेताचं. चालवून घ्या.

नवीन वाचकांसाठी: मी सध्या नोकरीनिमित्त सिएटलला असतो. इथे शहराच्या सामुदायिक बागा आहेत, त्यांना पी-पॅच म्हणतात. १९७३ साली पिकार्डो नावाच्या इटालियन कुटुंबाच्या जुन्या शेतावर हा उपक्रम सुरू झाला, त्या नावातला 'पी' तोच. आता अशा सुमारे नव्वद बागा शहरभर आहेत. नाव नोंदवायचं, नंबर लागला की वर्षाची फी भरायची, रासायनिक खत-औषध अजिबात वापरायचं नाही, आणि स्वतःच्या वाफ्याशिवाय बागेच्या सामाईक कामालाही वर्षातले काही तास द्यायचे. वाफा पडीक ठेवलात तर तो पुढच्या माणसाला जातो. मी दोन वर्षं यादीत होतो. मागच्या फेब्रुवारीत मला दहा बाय दहा फुटांचा तुकडा मिळाला.

आता इथल्या पावसाबद्दल. सिएटल पावसाचं शहर म्हणून प्रसिद्ध आहे, पण वर्षाचा पाऊस जेमतेम हजार मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत एकट्या जुलैत जवळजवळ तितका कोसळतो. मग एवढी बोंब कशाची? तर हा पाऊस कोसळत नाही, रेंगाळतो. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत रोज थोडा थोडा, झिमझिम, वर ढग आणि खाली गारठा. ऊन नाही, म्हणून बाष्पीभवन नाही. जमीन कित्येक महिने ओलीच्या ओली राहते. आपल्याकडे पावसाळ्यात मध्ये उघडीप मिळते, दोन दिवस कडक ऊन पडतं. इथे फेब्रुवारीत ती चैन क्वचितच.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी इथे प्रेसिडेंट्स डेची सुट्टी असते, आणि त्या सुमाराला मटार पेरायचा असा इथल्या जुन्या बागवाल्यांचा संकेत आहे. मला तेवढं पुरे होतं. लाँग वीकेंड, नवा वाफा, नवं फावडं. शनिवारी सकाळी रेनकोट घालून गेलो आणि दोन दिवसांत अख्खा तुकडा उलटापालटा केला. पाऊस चालूच होता. बूट घोट्यापर्यंत आत जात होते. खरं सांगू? मस्त वाटत होतं. आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या बाजूला. लहानपणी भाताच्या चिखलणीत खेळलेला मुलगा मी. चिखल म्हणजे शेती हेच डोक्यात. रविवारी मटार, मुळा, पालक पेरून टाकला आणि फोटो अण्णांना व्हॉट्सअॅपवर पाठवले. त्यांचं एवढंच उत्तर आलं: "पाऊस आहे का तिथं?" मी 'हो' लिहिलं, वर एक अंगठा. त्यांनी पुढे काही लिहिलं नाही.

इथे थोडं मागे जावं लागेल. अण्णा बहात्तर वर्षांचे आहेत. गुडघे गेल्यावर त्यांनी शेत वाट्याने दिलं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला गेलो असताना मी त्यांना म्हणालो होतो, "विकून टाका आता. कोण करणार आहे?" माझ्या दृष्टीने तो व्यवहारी सल्ला होता, अगदी हिशेब मांडून दिलेला. ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर माझ्याशी शेताचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दर रविवारचा फोन चार मिनिटांचा झाला. जेवलास का, तब्येत बरी आहे ना, तिकडे थंडी किती, बरं ठेवतो. फोन ठेवल्यावर मी हरिपाठ म्हणायचो आणि मला वाटायचं, आपलं सगळं ठीक चाललंय.

एप्रिलमध्ये एक आठवडा ऊन पडलं आणि माझा वाफा वीट झाला. वर पांढरट कड आली, भेगा पडल्या, खुरपं आत जाईना. मटार बहुतेक सगळा आतच कुजला होता. मुळ्याला पानं आली, पण खाली बोटभर वाकडं शेपूट. शेजारच्या वाफ्यावर एक व्हिएतनामी आजी असतात. त्यांचं इंग्रजी तोडकं आणि माझं व्हिएतनामी शून्य. त्या आल्या, एक ढेकूळ उचललं, माझ्या बुटांकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि आपल्या वाफ्यातली एक फळी आणून माझ्या वाफ्यावर आडवी टाकली. मला तेव्हा काही कळलं नाही.

त्या रविवारी अण्णांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "वाफसा बघितला होतास का?"

"कसला वाफसा?"

पलीकडे एवढा वेळ शांतता की मला वाटलं कॉल कट झाला. मग म्हणाले, "अरे, शेतकऱ्याचा पोरगा तू," आणि हसायला लागले. मी त्यांना कित्येक महिन्यांत हसताना ऐकलं नव्हतं. तो फोन पन्नास मिनिटं चालला.

ज्यांना हा शब्द माहीत नाही (शहरातल्या वाचकांपैकी बरेच असतील, आणि मला तरी कुठे माहीत होता), त्यांच्यासाठी. पाऊस पडून गेला किंवा पाणी दिलं की जमिनीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात. मग जास्तीचं पाणी हळूहळू खाली निघून जातं, मोठ्या पोकळ्यांत पुन्हा हवा येते, बारीक पोकळ्यांत मात्र ओल राहते. मुळांना पाणीही मिळतंय आणि श्वासही, अशी ही मधली अवस्था म्हणजे वाफसा. नांगरट, पेरणी, खुरपणी, सगळं वाफशावर करायचं. त्याआधी, म्हणजे माती लदबद ओली असताना, तिच्यावर पाय दिला किंवा फावडं चालवलं तर मातीचे कण एकमेकांवर चिकटून दाबले जातात आणि हवेच्या जागा बुजतात. चिकणमाती असेल तर वाळल्यावर दगड.

गंमत म्हणजे भाताला आपण मुद्दाम नेमकं हेच करतो. चिखलणी कशासाठी? मातीची रचना मोडावी, खाली घट्ट थर बसावा आणि पाणी शेतात उभं राहावं म्हणून. अण्णांच्या शब्दांत, "भाताला चिखल लागतो, भाजीला वाफसा." मी भाताची रीत मटाराला लावली होती. लहानपणी जे डोळ्यांनी बघितलं ते खरंच होतं, फक्त कशासाठी चाललंय हे कधी विचारलं नव्हतं. (प्रोजेक्टमध्ये दुसऱ्याचा कोड न वाचता कॉपी करणाऱ्यांनी इथे खाली बघावं. मी पण बघतोय.)

वाफसा ओळखायची पद्धत त्यांनी फोनवर सांगितली. चार बोटं खोल खणून मूठभर माती घ्यायची, लाडू वळतो तशी आवळायची, मूठ उघडून अंगठ्याने हलकेच दाबायचं. बोटांतून पाणी आलं किंवा गोळा चिकटून राहिला तर परत घरी जायचं. गोळा फुटून भुगा झाला तर काम सुरू. गोळा वळलाच नाही तर उशीर झाला, आधी पाणी द्या. पुण्या-ठाण्यात गच्चीवर कुंड्या लावणाऱ्यांनाही हीच परीक्षा चालेल. फक्त कुंडीच्या तळाची भोकं बुजलेली नाहीत ना, ते आधी बघा. पावसाळ्यात कुंडीतली रोपं तहानेपेक्षा गुदमरून जास्त मरतात.

मग दुरुस्ती. अण्णांचा पहिला हुकूम: आता त्याला हात लावू नकोस. मला हेच सगळ्यात अवघड गेलं. मी मशीनने पुन्हा खणून भुसभुशीत करायच्या बेतात होतो. त्याऐवजी दोन इंच कंपोस्ट नुसतं वर पसरलं आणि त्यावर गोणपाट टाकलं. सिएटल कॉफीचं शहर असल्यामुळे कॉफी भाजणाऱ्यांकडची रिकामी पोती बागांमध्ये सर्रास आच्छादनाला वापरतात. माझ्या वाफ्यावर महिनाभर ब्राझीलचा शिक्का झळकत होता. गांडुळं वर आली. मे महिन्यात वाफ्याचे दोन भाग करून मधे पायवाट ठेवली, पायवाटेवर लाकडाचे तुकडे पसरले, तिथली माती उचलून दोन्हीकडे गादीवाफे चढवले. गादीवाफ्यावर पाय द्यायचा नाही, द्यायचाच झाला तर फळी टाकून, वजन पसरतं. आजींच्या फळीचा अर्थ तेव्हा लागला.

सतत पडणाऱ्या पावसाने जमिनीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन जातं, त्यामुळे इथली माती आम्ल असते. माझी तपासून घेतली तर सामू ५.४ निघाला, बहुतेक भाज्यांना साडेसहाच्या आसपास लागतो. त्यासाठी डोलोमाइट चुना घालतात, पण तो मुरायला महिने लागतात म्हणून शरद ऋतूत घालायचा. म्हणजे परत थांबणं.

गोगलगायींबद्दल लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. बिनशंखाच्या बोटभर गोगलगायी रात्रीत मेथीचा अख्खा वाफा साफ करतात. आपण माळ घातलेली, अंडंही न खाणारी माणसं. पहिले काही दिवस मी टॉर्च घेऊन रात्री त्या वेचायचो आणि बागेबाहेरच्या झुडपात सोडायचो. त्या परत येत असाव्यात, किंवा त्यांच्या बहिणी. इथे लोह फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, सेंद्रिय नियमांतही बसतात. आजी कात्री वापरतात. मी शेवटी बी पेरायचं सोडून घरात रोपं बोटभर वाढवून मगच बाहेर लावायला लागलो, आणि फळीखाली दिवसा जमणाऱ्या गोगलगायी रोज सकाळी उचलायला लागलो. नुकसान कमी झालं, थांबलं नाही. गोळ्याही दोनदा टाकल्या. त्याचं समर्थन मला देता येत नाही. शेतकरी ज्या प्रश्नासोबत आयुष्यभर जगतो, त्याच्याकडे मी इतकी वर्षं जेवणाच्या ताटावरून बघत होतो.

जुलै उजाडला आणि पाऊस गायब. इथे उन्हाळा कोरडा असतो, जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याला इंचभरही पडत नाही. मग नळी ओढून पाणी घालायचं. आठ महिने पाणी बाहेर काढायचं आणि चार महिने आत आणायचं. अरणचे सावता महाराज कमी पावसाच्या मुलखातले. त्यांना पाण्याची ओढच जास्त असणार, असं मला पाणी घालताना वाटायचं. माउलींच्या त्या माळ्याने 'जिकडे नेलं' यात कुठे न्यायचं, कुठून काढायचं आणि कधी नुसतं बसायचं, हे सगळं धरलेलं असणार. पाणी निमूट जातं, कारण माळ्याने आधी उतार बघितलेला असतो.

उन्हाळ्यात घेवडा चांगला आला, टोमॅटो बरा आला. सप्टेंबरच्या पहिल्या पावसात करप्याने शेवटची झाडं काळी पडली. ऑक्टोबर लागायच्या आत रिकाम्या जागेत लाल क्लोव्हर आणि राय पेरली. यांची मुळं हिवाळाभर माती धरून ठेवतात आणि फोडतातही. उरलेल्या कोपऱ्यात लसूण लावला. लसणीचे कोंब बघून अण्णा म्हणाले, "आपल्या वरच्या तुकड्यात तुझी आजी लावायची." तीन वर्षांत 'आपल्या' हा शब्द त्यांच्या तोंडून माझ्यासाठी पहिल्यांदा आला. मी विकण्याचं बोललो होतो त्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "ते जाऊ दे, क्लोव्हर कधी कापणार?"

परवा पुन्हा प्रेसिडेंट्स डे झाला. शेजारच्या दोघांनी मटार पेरला. त्यांची जागा उंचावर आहे, त्यांना जमतं. मी सकाळी नऊला वाफ्यावरून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते, एरवी अण्णा नऊला झोपतात. चार बोटं खोल खणलं, मूठ आवळली, कॅमेऱ्यासमोर धरली.

"जवळ आण. अजून जवळ. हां, आता दाब अंगठ्यानं."

दाबलं. गोळ्यावर अंगठ्याचा ठसा उमटला, गोळा तसाच राहिला.

"नाही आला. चार दिवसांनी परत दाखव. मी जागा असतो."

राम कृष्ण हरी.