सुकी मासळी भरून ठेवताना

ताईंनो, १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. म्हणून मे महिन्यातच उत्तन, पाली, चौकला सुके बोंबील, जवळा, बांगडा घ्यायची घाई होते. भाव जरूर करा, पण त्याआधी हात लावून बघा.

बोंबील कडक हवा. नरम लागला, बोटांना ओल लागली, तर तो नीट वाळलेला नाही. खारवलेल्या बांगड्यावर गुलाबी-लाल डाग दिसले तर घेऊ नका. आणि बुरशी? "धुऊन, भाजून चालतं गं" असं बऱ्याच जणी म्हणतात. नाही चालत. काही बुरशींचं विष तव्याच्या आचेने जात नाही.

घरी आणल्यावर दोन उन्हं द्या, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरलं की आत वाफ धरते, तिथूनच बुरशी सुरू होते. किडे दिसले तरी औषधाचा फवारा मुळीच नको. गटाने मिळून माल घेतला असेल तर प्रत्येक पिशवीवर तारीख लिहा, जुनी पिशवी आधी संपवा. पावसात मोठा डबा सारखा उघडू नका, आठवड्यापुरता जवळा कोरड्या हाताने छोट्या बरणीत काढून ठेवा.