हिमस्खलन : स्वरूप, खुणा आणि सावधगिरी

बिदर आणि कलबुरगी हे दोन्ही जिल्हे दख्खनच्या पठारावर वसलेले आहेत. बिदर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर असून, तेथील जांभ्या दगडाच्या माळावर पौषातील पहाट कितीही बोचरी असली तरी बर्फ पडत नाही. असे असूनही औराद, भालकी, बसवकल्याण वा आळंद येथील मराठी कुटुंबांना हिमस्खलनाची माहिती असणे अगत्याचे आहे. या भागातून सैन्यात जाणाऱ्या तरुणास हिमालयातील चौकीवर पहारा द्यावा लागतो. गिर्यारोहणाची आवड असलेले विद्यार्थी सुटीत हिमशिखरांकडे वळतात. ज्याने बर्फ कधी पाहिलेच नाही, त्याला त्याची पांढरी शोभा तेवढी दिसते. त्यातील धोका दिसत नाही. म्हणूनच या विषयाचे प्राथमिक ज्ञान घरातून निघण्यापूर्वीच करून घेणे इष्ट होय.

तुरीची रास आणि शहाबादी फरशी

हिमस्खलनाचे दोन मुख्य प्रकार आहेत. दोन्ही समजून घेण्यास या जिल्ह्यांतील नित्य परिचयाचे दाखले पुरेसे आहेत.

कलबुरगी जिल्हा तुरीच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. खळ्यावर तुरीची रास घालताना वरून दाणे ओतत गेल्यास रास उंच होत जाते. परंतु तिचा उतार एका मर्यादेपलीकडे गेला की माथ्यावरील चार दाणे घसरतात आणि खाली येता येता शेकडो दाण्यांना आपल्याबरोबर ओढतात. ताजे, भुसभुशीत बर्फ असेच एका बिंदूपासून सुटते व पंख्याच्या आकाराने पसरत खाली येते. हा पहिला प्रकार होय.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे. त्यासाठी त्याच जिल्ह्यातील शहाबादी फरशीचे उदाहरण घ्यावे. तिरप्या फळीवर तुरीचे दाणे पसरून त्यांवर फरशी ठेवली, तर ती काही काळ स्थिर राहील. पण हलकासा धक्का लागताच संपूर्ण फरशी एकदम घसरेल. डोंगरउतारावरील बर्फही थराथरांनी साचलेले असते. खालचा थर सुट्या कणांचा व दुबळा असेल आणि त्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसलेला असेल, तर एका माणसाच्या भारानेही तो मोडतो. तडा क्षणार्धात दूरवर धावतो आणि अवघा उतार पायांखालून निसटतो. कोरड्या बर्फाची अशी लाट ताशी १०० किलोमीटरहूनही अधिक वेग घेऊ शकते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. अशा प्राणघातक अपघातांपैकी सुमारे ९० टक्के प्रसंगी थर मोडण्यास स्वतः बळी पडलेली व्यक्ती किंवा तिचा साथीदार कारणीभूत असतो, असे पाश्चात्त्य देशांतील गिर्यारोहकांच्या अपघातांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. म्हणजेच पाऊल कोठे व केव्हा टाकावे याचा निर्णय पुष्कळ अंशी माणसाच्या हाती असतो.

हिवाळ्यातील बर्फाची घडण

उंची वाढते तसे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. बिदरच्या पठारापेक्षा आणखी ४,००० मीटर उंची गाठली की केवळ उंचीमुळेच तापमान २६ अंशांनी कमी होते. मात्र हिवाळ्यात निरभ्र, अतिशीत रात्रींमध्ये बर्फ अधिक सुरक्षित होते, ही समजूत नेहमीच खरी ठरत नाही. जमिनीलगतचे बर्फ शून्य अंशाच्या आसपास असते, तर पृष्ठभाग त्याहून कितीतरी थंड असतो. या तफावतीमुळे आतील बाष्प वर सरकते व तळाशी साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे कण तयार होतात. बर्फाचा थर पातळ आणि थंडी कडक असेल, तर ही क्रिया अधिक जोमाने चालते. पुढे पश्चिमी विक्षोभांच्या प्रभावाने नवे बर्फ पडते व त्या दुबळ्या थरावर भार चढतो. वारा हा भार डोंगराच्या आडोशाच्या बाजूस नेऊन साठवितो. तेथे थोड्या वेळात फार मोठा साठा होतो.

तीन दुर्घटना, तीन बोध

दि. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिन हिमनदीच्या क्षेत्रात सुमारे १९,६०० फूट उंचीवरील चौकीवर बर्फाची प्रचंड राशी कोसळून मद्रास रेजिमेंटच्या १९ व्या बटालियनचे दहा जवान गाडले गेले. धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले. परंतु ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या सैनिकी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. इतके दिवस तग धरणे ही विलक्षण घटना होती; त्या आधारावर कोणी भरवसा ठेवू नये.

दि. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमस्खलनात सापडली. कर्नाटकासह विविध राज्यांतील तरुण तीत होते. २७ जणांचे मृतदेह हाती आले, तर दोघे बेपत्ता राहिले. त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेल्या प्रशिक्षिका सविता कंसवाल यांचाही मृतांत समावेश होता. पर्वत अनुभवी व नवखा असा भेद करीत नाही.

दि. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळील माणा येथे सीमा रस्त्याच्या कामावरील ५४ मजूर बर्फाखाली सापडले. सेना व अन्य दलांच्या प्रयत्नांनी ४६ जण वाचले, आठ जण दगावले. त्या परिसरासाठी हिमस्खलनाचा इशारा आदल्या सायंकाळीच प्रसृत झाला होता. हिमस्खलन हे केवळ गिर्यारोहकांचे संकट नव्हे, आणि इशारा शेवटच्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचला तरच त्याचा उपयोग, हे या घटनेने दाखविले.

धोक्याच्या खुणा

घट्ट थराची बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. घरातील साध्या जिन्याचा चढ साधारणतः ३० ते ३५ अंशांचा असतो. बर्फाचा उतार तेवढा वा त्याहून उभा दिसला की सावध व्हावे. त्याखेरीज पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात :

(१) आसपासच्या उतारांवर नुकतेच बर्फ कोसळलेले असणे.
(२) चालताना पायाखाली बर्फ ‘धप्प’ असा आवाज करून बसणे किंवा पावलापासून तडे धावणे.
(३) एका दिवसात फूटभर वा अधिक नवे बर्फ पडणे. वादळानंतरचे २४ तास विशेष धोक्याचे असतात.
(४) जोराच्या वाऱ्याने बर्फ वाहून आणणे.
(५) तापमान अकस्मात वाढणे किंवा पाऊस पडणे.

संशयित उतार टाळणे हाच सर्वोत्तम उपाय होय. तो ओलांडणे अपरिहार्यच असेल, तर एका वेळी एकानेच जावे. इतरांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी.

पहिली पंधरा मिनिटे

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास तो वाचण्याची शक्यता पुष्कळ असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने घटून सुमारे एक-तृतीयांशावर येते. थांबताच बर्फ सिमेंटसारखे घट्ट होते आणि श्वास कोंडतो. बाहेरची मदत इतक्या अवधीत क्वचितच पोहोचते. वाचवू शकतात ते सोबतीच. यासाठी प्रत्येकाजवळ संदेश देणारे व घेणारे शोधयंत्र, घडीची शोधकाठी आणि फावडे ही तीन साधने असावीत व त्यांचा सराव आधीच झालेला असावा. बर्फाच्या लोटात सापडल्यास पृष्ठभागावर राहण्याची धडपड करावी आणि लोट थांबण्यापूर्वी तोंडापुढे हात धरून श्वासासाठी पोकळी करावी.

पूर्वसूचना

या विषयाच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये तिचे विलीनीकरण होऊन चंडीगड येथील संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्था अस्तित्वात आली. हिमालयाच्या निरनिराळ्या भागांसाठी हिमस्खलनाच्या पूर्वसूचना तीच देते. धोक्याची तीव्रता पाच पायऱ्यांनी सांगितली जाते. मात्र पहिली पायरी म्हणजे धोका नाही असे नव्हे. धोका कमी, एवढाच तिचा अर्थ.

हिमशिखरे चढू इच्छिणाऱ्या तरुणाने प्रथम दार्जिलिंग, उत्तरकाशी अथवा मनाली येथील संस्थेत रीतसर शिक्षण घ्यावे. पालकांनीही मुलाला निरोप देण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पथकाचा प्रमुख प्रशिक्षित आहे काय, शोधसाधने प्रत्येकाजवळ आहेत काय, आणि पूर्वसूचना प्रतिकूल आल्यास परत फिरण्याचे आधीच ठरले आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर ती मोहीम पुढे ढकलणेच शहाणपणाचे ठरेल. शिखर पुढील वर्षीही तेथेच असते.